तातडीची गोळी आणि लांबलेली पाळी

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद या तालुक्यांतील आपल्या मराठी गावांनाही आता एक लहानशी गोळी ठाऊक झाली आहे. ती कधी बसस्थानकाजवळच्या औषधाच्या दुकानातून येते, तर कधी उदगीर-सोलापूरच्या फेरीत पतीच्या खिशातून येते. वेष्टनातील कागद बहुधा इंग्रजीत असतो. कन्नड शाळेत शिकलेली सून आणि मराठी शाळेत शिकलेली सासू या दोघींनाही तो सारखाच परका. गोळी घेतली जाते आणि मग दिवस मोजणे सुरू होते. ठरल्या दिवशी पाळी आली नाही म्हणजे जिवाची जी घालमेल होते, तिच्याविषयी आज बोलावयाचे आहे.

ही गोळी म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल या औषधाची दीड मिलिग्रॅमची मात्रा होय. आपल्या देशात डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकण्यास २००५ साली मुभा मिळाली. संबंध आल्यावर ७२ तासांच्या आत, आणि होईल तितक्या लवकर, ती घ्यावयाची असते. या 'लवकर'चे मोल किती, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीवरून कळते. पहिल्या २४ तासांत गोळी घेतल्यास अपेक्षित गर्भधारणांपैकी सुमारे ९५ टक्के टळल्या. दुसऱ्या दिवशी ८५ टक्के आणि तिसऱ्या दिवशी अवघ्या ५८ टक्के. तेव्हा बाजाराच्या दिवसाची वाट पाहणे येथे महागात पडते.

गोळी करते काय? स्त्रीच्या बीजकोशातून दर महिन्यास एक बीज सुटते. ते फार तर एक दिवस टिकते. पुरुषबीज मात्र पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. गोळी बीज सुटणे लांबणीवर टाकते आणि तोवर पुरुषबीज निकामी होते. बीज आधीच सुटलेले असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही. गर्भ एकदा रुजल्यावर ती त्याला पाडीत नाही, आणि चुकून घेतली गेली तरी गर्भाला तिच्यापासून अपाय झाल्याचे दिसलेले नाही. गर्भपाताच्या गोळ्या निराळ्या असतात. या दोहोंची गल्लत शिकलेल्या माणसांकडूनही होते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता पाळीचे पाहू. बीज सुटणे पुढे गेले की त्यामागून येणारी पाळीही पुढे जाणार, हे उघडच आहे. शिवाय एरवी शरीरात हळूहळू वाढणारा व उतरणारा अंतःस्राव या गोळीने एकदम वाढतो आणि एकदम ओसरतो. गर्भाशयाच्या अस्तराला हा धक्का जाणवतोच. त्यामुळे महिन्याच्या आरंभी गोळी घेतलेल्या स्त्रीची पाळी कधी कधी अगोदरच येते, उत्तरार्धात घेतलेलीची दोनचार दिवस लांबते. बहुतेकींची पाळी ठरल्या दिवसाच्या अलीकडे-पलीकडे आठवड्याच्या आतच येते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखादीला १ तारखेला पाळी आली आणि पुढची २९ तारखेस अपेक्षित आहे. ११ तारखेस संबंध आला, १२ला तिने गोळी घेतली. १६ला किंचित डाग दिसला. येथेच घोटाळा होतो. हा डाग म्हणजेच पाळी असे समजून ती निर्धास्त होते, अथवा त्या दिवसापासून नवा हिशेब धरते. नेहमीइतका स्राव झाला नसेल तर तो डागच. हिशेब २९ तारखेचाच धरावा. आपल्याकडील जुन्या बायका एकादशी-अमावास्येवरून दिवस लक्षात ठेवीत. ती पद्धत वाईट नव्हती. पण अशा वेळी दिनदर्शिकेवर पेन्सिलीची खूण केलेली बरी. पाळी एक आठवडा उलटूनही आली नाही, किंवा आली पण फारच थोडी आली, तर लघवीची तपासणी करावी. संबंधानंतर २१ दिवस झाल्यावर या तपासणीवर भरवसा ठेवता येतो. 'निश्चय' नावाची सरकारी पट्टी आशा कार्यकर्तीकडे विनामूल्य मिळते. सकाळच्या पहिल्या लघवीने तपासावे. दुसरी रेघ फिकट उमटली तरी ती रेघच समजावी. रेघ एकच असेल आणि पाळीही येत नसेल तर आठवड्याने पुन्हा तपासून डॉक्टरांकडे जावे.

या मधल्या काळात घरोघर जे चालते ते मात्र मला मान्य नाही. तीळगुळाचा काढा, कच्ची पपई, शेजारणीने दिलेल्या 'पाळी आणण्याच्या' गोळ्या यांनी निदान होत नाही, फक्त दिवस वाया जातात. दुकानातून परस्पर गर्भपाताची औषधे आणणे तर जिवावर बेतू शकते. गर्भ राहिलाच असेल आणि तो नको असेल, तर १९७१चा कायदा आणि त्यातील २०२१ची दुरुस्ती यांनी मार्ग ठेवलेला आहे. कायद्यातील कारणांनुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते, आणि स्त्रीचे नाव गुप्त ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. ओटीपोटात एका बाजूस असह्य कळ, भोवळ, चक्कर ही लक्षणे दिसली तर गर्भ नळीत अडकल्याची शंका धरून, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये.

आणखी दोन गोष्टी. क्षयावरील रिफाम्पिसिन आणि फिटांवरील काही औषधे या गोळीचा प्रभाव कमी करतात. असे उपचार चालू असतील तर पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणे अधिक खात्रीचे, आणि सरकारी रुग्णालयात त्याला पैसे पडत नाहीत. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर ती पुन्हा घ्यावी लागते. पुढच्या संबंधांना मात्र आजची गोळी संरक्षण देत नाही. पाळी लांबली असताना बीज उशिरा सुटण्याचा संभव असतो, तेव्हा पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. डॉक्टरांकडे जाताना मागील पाळीची तारीख, गोळी घेतल्याची तारीख व वेळ आणि गोळीचे रिकामे वेष्टन बरोबर न्यावे.