बिनबक्षिसाची मॅच

पहाटे पावणेपाच

मनमाडकडे निघालेली मालगाडी दौंड सोडताना भोंगा देते आणि मला जाग येते. मोबाईलचा गजर नंतर वाजतो. आज शनिवार, जुलै २०२५ मधला शेवटचा. शाळा सकाळची आहे आणि दुपारी सतरा वर्षांखालच्या मुलींना घेऊन शिरूरला जायचंय. मॅच आहे, पण स्पर्धेतली नाही. हिला चषक नाही, प्रमाणपत्र नाही, पेपरात दोन ओळीही यायच्या नाहीत. सरावाची मॅच.

चहा उकळेपर्यंत पिशवी भरून घेते. दोन बॉल, पंप, सुई, क्रेप बँडेज, स्प्रे, लिंबं, मीठ-साखरेची पुडी, शिट्टी. शिनगार्डच्या जोड्या मोजते. नऊच आहेत आणि मुली सोळा. बदली खेळाडू आत जाताना बाहेर आलेलीच्या पायातली जोडी काढून आपल्या पायात चढवते. तेवढ्यात मिनिटभर जातं, म्हणून हे बदलणंसुद्धा आम्ही सरावात घेतो.

पावणेसहा

रात्रभर भुरभुर पडलीय. इथली काळी माती अशा पावसात बुटाला धरते, दहा पावलांत प्रत्येकीच्या पायाला पाव किलोचा गोळा. म्हणून आज पळणं नाही. नुसती पासिंग, वॉर्मअप आणि गोलकीपरला उंच बॉल.

आमची गोलकीपर नववीत आहे. हात चांगले, उडी चांगली, बॉलला भीत नाही. अडचण एकच, तिच्या तोंडातून आवाज निघत नाही. बॉल हवेत असताना गोलकीपरनं ‘माझा’ म्हणून ओरडायचं असतं, म्हणजे बॅक बाजूला होतात. ही ओरडत नाही आणि मग दोघी-तिघी एकमेकींवर आदळतात. गेले दोन महिने मी सांगतेय. सरावात ओठ हलतात, पण ऐकू मलाही येत नाही. घरात चार माणसांत मोठ्यानं बोलू नको असं लहानपणापासून ऐकलेल्या मुलीला मी मैदानावर ओरड म्हणतेय, हे मला कळतं.

या गावाला फुटबॉल नवा नाही. रेल्वे कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन घरांतली पोरं हॉकी आणि फुटबॉल कशी खेळायची, हे सांगणारी म्हातारी माणसं आजही भेटतात. मुली मात्र आत्ता आत्ता मैदानावर यायला लागल्यात.

साडेसात ते अकरा

परिपाठ, मग दोन तास सातवीच्या कवायतीचे. मधल्या सुट्टीत संमतीपत्रं गोळा करते. पंधरा आलीत. सोळाव्या मुलीच्या आईचा फोन येतो.

“मॅडम, सर्टिफिकिट मिळणार का हिला?”

“नाही ताई. सरावाची मॅच आहे.”

“मग कशाला एवढ्या लांब? शेतात खुरपणी चाललीय, शनिवारी तिची मदत होते.”

या बाईंचं काहीच चुकत नाही. दहावीला खेळाचे वाढीव गुण असतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे आता वस्तीवरच्या घरांतही माहीत झालंय. त्या हिशेबात ज्या मॅचचा कागद नाही तिला किंमत नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं, “ताई, जिल्ह्याची स्पर्धा बाद पद्धतीची असते. पहिलीच मॅच हरली तर पोरगी चाळीस-पन्नास मिनिटं खेळून घरी येते आणि वर्ष संपतं. तिथं चुकायला जागा नाही. चुकायची ती आज शिरूरला चुकू द्या.”

फोनवर थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग, “अंधाराच्या आत आणा. बिबट्या दिसलाय मळ्यात,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

साडेअकरा

दौंडचं स्टँड. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. ही सवलत सुरू झाली तेव्हा त्यात फुटबॉल कुणाच्या मनात नव्हता, पण आमच्या बाहेरगावच्या मॅचेस तिच्यामुळेच सुरू झाल्या. पूर्वी गाडी ठरवावी लागायची, वर्गणी काढावी लागायची आणि चार घरं तिथंच मागं सरायची. आता मुली आपापल्या पैशांत जातात.

कंडक्टरनं मुली मोजल्या. “एवढ्या सगळ्या कुठं निघाल्या?”

“शिरूरला, मॅच खेळायला.”

“बक्षीस किती?”

“बक्षीस नाही,” पुढच्या सीटवरच्या दोघी एकदम म्हणाल्या.

चौफुल्याला गाडी बदलली. शिरूरच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचं धुराडं, पारगावजवळ गढूळ पाण्यानं फुगलेली भीमा. मुलींनी डबे उघडले. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची भाजी. पोट जड होईल एवढं खाऊ नका, हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी त्या सगळं संपवतात.

माझ्या शेजारी आमची कॅप्टन बसली होती. मोबाईलवर बातमी वाचून म्हणाली, “मॅडम, आयएसएल थांबलीय. मग ते क्लबवाले सराव कशाला करतील?”

तिचं बरोबर होतं. ११ जुलैला बातमी आली की लीग चालवणारी कंपनी आणि भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातला करार डिसेंबरात संपतोय, पुढचं ठरलेलं नाही, म्हणून २०२५-२६ चा हंगाम थांबवून ठेवलाय. क्लबांची सरावशिबिरं लांबणीवर पडली. हंगामच नक्की नसेल तर हंगामापूर्वीची मॅच कशाच्या पूर्वीची म्हणायची? आमच्या पुणे जिल्ह्यानं तर हे आधीच भोगलंय. पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजियन्स गेला, २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही बंद झाला. बालेवाडीत मॅच बघायला मुली नेता येतील असं मला वाटायचं, ते राहूनच गेलं.

मोठ्या क्लबांच्या हंगामापूर्वीच्या मॅचेसवर जगभर वाद आहे. विरोधात बोलणाऱ्यांचे मुद्दे मला पटतात. युरोपातले क्लब उन्हाळ्यात अर्धं जग फिरतात ते बरंचसं तिकिटं आणि जाहिराती विकायला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेल्सीनं नुकताच घेतलेला एन्कुंकू शिकागोत असल्याच एका मॅचमध्ये गुडघा दुखावून बसला आणि कित्येक महिने बाहेर राहिला. अमेरिकेत त्यांच्या त्या दुसऱ्या फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, २०२१ पासून हंगामापूर्वीच्या मॅचेस चाराच्या तीन केल्या आणि खऱ्या मॅचेस सोळाच्या सतरा.

निकालावरून पुढचं काही कळतं म्हणावं तर तेही नाही. आपल्याकडे ड्युरंड कप ही १८८८ पासूनची मानाची स्पर्धा, पण आयएसएलच्या बऱ्याच संघांनी ती हंगामाची तयारी म्हणूनच खेळलीय. २०२१ मध्ये एफसी गोवा ती जिंकला. त्याच हंगामात आयएसएलमध्ये अकरा संघांत नववा आला.

कॅप्टनला मी दुसरी गोष्ट सांगितली, ती याच वर्षाची. मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला आपल्या महिला संघानं बंगळुरूत उझबेकिस्तानशी दोन सराव सामने खेळले. दोन्ही हरल्या. पुढं थायलंडमध्ये आशिया कपची पात्रता फेरी झाली. तिथं मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-०, आणि ५ जुलैला क्रमवारीत वर असलेल्या यजमान थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून आशिया कपला जाण्याची ही आपली पहिलीच वेळ. २०२२ मध्ये तर स्पर्धा आपल्याकडेच होती, बालेवाडीतही मॅचेस झाल्या, पण एक मॅच खेळून कोविडमुळे आपल्या मुलींना माघार घ्यावी लागली होती.

“म्हणजे हरलो तरी चालेल?” कॅप्टननं विचारलं.

“आज चालेल.”

सव्वादोन

शिरूर. जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. इंग्रजांची छावणी होती इथं. आमचं काम छावणीपाशी नसून मैदानापाशी. मुली कपडे बदलतात तोवर मी मैदान चालून काढते. हे मी कुणावर सोपवत नाही. या गोलपासून त्या गोलपर्यंत, मग आडवं, मान खाली घालून. मुरमाचं मैदान पाण्याचा निचरा चांगला करतं, पण पावसात खडे वर येतात. मूठभर खडे, बाटलीची एक काच आणि एक खिळा मिळाला. कोपऱ्यात खड्डा होता, तो शिरूरच्या सरांनी घमेलंभर माती आणून बुजवला आणि पायानं दाबला.

२०१९ मध्ये मी असं चालले नव्हते. अशाच एका सरावाच्या मॅचला आमची फॉरवर्ड पळता पळता खड्ड्यात गेली. तिचा पाय जागेवर राहिला आणि गुडघा वळला. तिचं ओरडणं मला अजून ऐकू येतं. स्पर्धा बारा दिवसांवर होती, ती गेलीच. ऑपरेशन घरच्यांना परवडलं नाही आणि ती पुन्हा खेळली नाही. तिच्या वडिलांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, याचं ओझं जास्त आहे. त्यानंतर दीड वर्ष मी एकही सरावाची मॅच ठेवली नाही. पुढच्या स्पर्धेला मुली कोऱ्या उतरल्या, समोरचा संघ बघून गांगरल्या आणि सात गोल खाऊन आल्या. परतीच्या गाडीत दोघी रडत होत्या. त्या मुलींवरही मी अन्यायच केला होता, फक्त तो एक्स-रेत दिसणारा नव्हता. तेव्हापासून मॅचेस पुन्हा सुरू केल्या, आणि आधी मैदान चालणंही.

पावणेतीन

सरांचं माझं ठरलेलं असतं. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे तीन भाग. प्रत्येक मुलगी निदान एक भाग पूर्ण खेळणार. बदली कितीही. पहिल्या भागात शिट्टी त्यांची, दुसऱ्यात माझी, तिसऱ्यात पुन्हा त्यांची. पाहुणे नाहीत, हार-नारळ नाही, सेल्फीसाठी चषक नाही. हे नियम मला मॅचइतकेच महत्त्वाचे वाटतात. प्रवेश फी घेऊन, मंडप घालून ‘सराव स्पर्धा’ भरवतात तिथं मी जात नाही. तिथं बक्षीस असतं, म्हणून शिक्षक ठरलेल्या अकराच खेळवतात आणि बाकीच्या पाण्याच्या बाटल्या धरतात. ती मॅच कुणाच्याच उपयोगाची नसते.

एक गोष्ट मात्र मला खटकली. सरांची एक उंच मुलगी पूर्ण कपड्यांत कट्ट्यावरच बसून होती. मी विचारलं, तर सर प्रांजळपणे म्हणाले, “मॅडम, जिल्ह्याला तुमची-आमची गाठ पडू शकते. तिला आत्ताच दाखवत नाही.”

“सर, माझ्यापासून लपली खरी. पण खेळायची राहिली ती तीच ना?”

ते हसले, उत्तर दिलं नाही. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला ती मुलगी बूट बांधताना दिसली.

पहिल्या भागात आम्ही दोन गोल खाल्ले. दोन्ही सारखेच, उजवीकडून उंच बॉल, आमची गोलकीपर आणि सेंटर बॅक एकाच वेळी वर, दोघींचीही नजर बॉलवर आणि तोंडं बंद. दुसऱ्यात एक गोल आम्ही केला. डावीकडच्या पोरीनं तो डाव्या पायानं मारला, जो पाय ती सरावात कधी वापरत नाही. लगेच तिसरा गोल बसला.

स्पर्धेत असती तर गोलकीपरला मी तिथंच बदलली असती. इथं बदललं नाही. तिच्याकडे गेले, ग्लोव्हजवरचा मुरूम झटकला, पाणी दिलं. ती म्हणाली, “मॅडम, मला काढा.” मी म्हटलं, “नाही काढत. गोल कितीही होऊ देत. मला फक्त तुझा आवाज ऐकायचाय.”

तिसऱ्या भागात त्या उंच मुलीनं डोक्यानं चौथा टाकला. सुरेख गोल, माझ्याही हातून टाळी वाजली. मग पुन्हा कॉर्नर. बॉल वळत आत आला, आमची सेंटर बॅक मागं सरकायला लागली, आणि गोलमधून असा आवाज आला की पलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवाला थांबला.

“सोड! माझाय!”

सेंटर बॅक जागच्या जागी खाली वाकली. तिच्या पाठीवरून दोन हात गेले आणि बॉल छातीशी आला. गोलकीपर बॉल धरून काही क्षण तशीच उभी होती, जणू ओरडलं कोण हे ती स्वतःच शोधत होती. मग बॉल लांब फेकला. नंतर उरलेला वेळ ती थांबलीच नाही. “डावीकडं!”, “मागं ये!”, एकदा तर मलाच, “मॅडम, लाईनीतून सरका!”

निकाल ४-१, शिरूर.

पाच

सरांनी चहा आणि भेळ दिली. दोन्हीकडच्या मुली मिसळून बसल्या, बुटांचे नंबर आणि किमती विचारत. त्या उंच मुलीला आमच्या कॅप्टननं हेडिंग कसं करतेस हे विचारून घेतलं आणि तिनं उभं राहून दाखवलंही. पत्ते लपवणं सरांपाशीच राहिलं.

एसटीत अर्ध्या मुली न्हावरं यायच्या आत झोपल्या. अंधार पडायला लागला तसे पालकांचे फोन सुरू झाले. पावणेआठला दौंड स्टँडवर मोटारसायकली उभ्या होत्या. सकाळी फोन केलेल्या ताई स्वतः आल्या होत्या, हातात बॅटरी. लेकीच्या गुडघ्यावरचं खरचटलेलं त्यांनी बॅटरीच्या उजेडात पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

“जिंकल्या?”

“हरलो. हिनं पन्नास मिनिटं डावी बाजू सांभाळली.”

“पन्नास?” त्या लेकीकडं वळल्या. “आणि उद्या खुरपायला येशील का न्हाय?”

“येते की,” पोरगी म्हणाली.

साडेनऊ

वही काढली. सोळा नावं, प्रत्येकीपुढं मिनिटं. डावा पाय. कॉर्नरला पुढचा खांब मोकळा राहतो. दुसऱ्या भागात मधल्या दोघी एकाच जागी पळतात. गोलकीपरपुढं लिहिलं, ‘तिसरा भाग, अकरावं मिनिट, ओरडली.’ पुढच्या शनिवारी शिरूरकर इकडं येणार, त्यासाठी मैदानाची परवानगी सोमवारी काढायची.

शिनगार्ड धुऊन पंख्याखाली मांडलीत. आठ जोड्या ठीक आहेत. नवव्या जोडीचा पट्टा उसवलाय. सुई-दोरा घेऊन बसले.