गुडघ्याची तपासणी : हाताला कळणारे निदान

गुडघा हा शरीरातील सर्वांत मोठा सांधा असला, तरी त्यातील हाडांची बैठक फारशी भक्कम नाही. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा खोल खोबणीत बसतो, तर गुडघ्यात त्याच हाडाच्या खालच्या टोकाचे दोन उंचवटे नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर नुसते टेकलेले असतात. त्यामुळे स्थैर्याचा भार स्नायूंवर, हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट अस्थिबंधांवर, म्हणजे लिगामेंटवर, आणि मधल्या अर्धचंद्राकार कूर्चेच्या दोन गाद्यांवर पडतो. सांध्याच्या आत दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. त्यांतील पुढचा नडगीला पुढे सरकण्यापासून रोखतो, मागचा मागे.

तपासणी हात लावण्यापूर्वीच सुरू होते. कबड्डीत चढाई करणारा खेळाडू झटक्यात वळतो, पाऊल जमिनीवर रोवलेलेच राहते आणि गुडघा पिळवटतो, तेव्हा सूज केव्हा आली हा प्रश्न सर्वांत मोलाचा ठरतो : एक-दोन तासांतच गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्त साचून पुढचा अस्थिबंध तुटल्याची शक्यता मोठी असते, सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू चढली, तर संशय गादीवर जातो, कारण गादीच्या आतल्या भागाला रक्तपुरवठाच नसतो.

या अस्थिबंधासाठीची लॅकमन चाचणी जोसेफ टॉर्ग आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केली. तिला नाव मिळाले ते फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातील जॉन लॅकमन यांचे. गुडघा 20 ते 30 अंश वाकवून एका हाताने मांडी स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. अस्थिबंध शाबूत असेल तर हालचाल एका ठिकाणी ठामपणे अडते, तुटलेला असेल तर ती लांबते आणि शेवटी मऊ, अस्पष्ट अडथळा जाणवतो. गुडघा 90 अंश वाकवून केलेल्या जुन्या चाचणीत मांडीमागचे आखडलेले स्नायू आणि गादीची मागची कड नडगीला धरून ठेवत असल्यामुळे ताजी दुखापत निसटू शकते. काहींचे सांधे मुळातच सैल असतात, म्हणून चांगला गुडघा आधी तपासणे आवश्यक आहे. एमआरआयने या कौशल्याची गरज संपवलेली नाही, कारण पन्नाशीनंतर मुळीच न दुखणाऱ्या गुडघ्यातही गादी फाटलेली दिसू शकते. चित्रातील दोष हाच दुखण्याचे कारण आहे की नाही, हे तपासणीशिवाय ठरत नाही.

खुबा आणि गुडघा यांना काही मज्जातंतू सामाईक असल्याने खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवू शकते, आणि याची सर्वांत मोठी किंमत मुलांना मोजावी लागते. किशोरवयात मांडीच्या हाडाचा माथा वाढीच्या पट्टीवरून घसरतो, तेव्हा मूल लंगडत केवळ गुडघा दाखवते आणि गुडघ्याच्या एक्स-रेत काहीच सापडत नाही. अशा मुलाला उताणे झोपवून खुब्यात पाय वाकवताना मांडी आपोआप बाहेर वळत असेल, तर त्याला चालू न देता त्याच दिवशी खुब्याचा एक्स-रे काढलाच पाहिजे.