दहावीच्या कितीतरी आधी

मोठेपणी कोण व्हायचं, हा प्रश्न दहावीच्या निकालाबरोबर घरात येतो असा सर्वसाधारण समज आहे. कलचाचण्या आणि मार्गदर्शनाची व्याख्यानं त्याच सुमारास होतात. मुलाच्या मनात मात्र या प्रश्नाची बरीचशी उत्तरं तोवर खोडून झालेली असतात.

हे खोडणं कसं होतं, याची मांडणी अमेरिकी अभ्यासक लिंडा गॉटफ्रेडसन यांनी 1981 मध्ये केली. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला मोठी माणसं कामाला जातात एवढं कळतं. सहा ते आठ या वयात कामांची बायकांची आणि पुरुषांची अशी वाटणी होते. नवव्या वर्षापासून प्रतिष्ठा दिसू लागते आणि ‘आपल्यासारख्यांना जमणार नाही’ अशी कामं यादीतून जातात. स्वतःची आवड खऱ्या अर्थाने विचारात येते ती चौदाव्या वर्षानंतर. घरचे ‘तुला काय आवडतं?’ असं विचारतात तेव्हा मूल उरल्यासुरल्यातून निवडत असतं.

ब्रिटनमधल्या एका वर्गात 2016 मध्ये मुलांना अग्निशामक, शल्यचिकित्सक आणि लढाऊ विमानाचा वैमानिक यांची चित्रं काढायला सांगितली. 66 चित्रांपैकी 61 पुरुषांची निघाली. मग ही तिन्ही कामं करणाऱ्या स्त्रिया गणवेशात वर्गात आल्या. पुढे 2018 मध्ये वीस देशांतल्या सुमारे वीस हजार मुलांच्या चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शाळेत आलेल्या माणसाकडून आपल्या आवडत्या कामाची माहिती मिळाली, असं सांगणारी मुलं एक टक्काही नव्हती.

प्रत्यक्ष काम करणारा माणूस भेटल्याने काय होतं, याचं उदाहरण मुंबईतलंच आहे. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडलं. मिलार्डनी चिमणीची जात तर सांगितलीच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. तिथून वाट सरळ गेली नाही. मधे ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात काही वर्षं गेली. पण पक्षी पाहणं हे माणसाचं पूर्णवेळ काम असू शकतं, हे त्या मुलाला त्या खोलीत दिसलं होतं.

शाळेच्या वेळापत्रकात ही भेट बसवता येते. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे आकाराला आलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञान’ या विषयात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, रक्तगट तपासणी अशी ही कामं असतात, आणि त्यातल्या सेवा गावालाही पुरवल्या जातात. मुलीही वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे धरतात, मुलंही स्वयंपाकाला हात लावतात. गॉटफ्रेडसन यांनी सांगितलेली वाटणी इथे कुणी भाषण न देता सैल होते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांबरोबर ते दिवस घालवायचे असतात. ते रांगेने जाऊन, फोटो काढून, खाऊ खाऊन परतण्यात संपले तर ती निव्वळ सहल झाली.

काम करणारी माणसं भेटायला दूर जायचीही गरज नाही. गावातल्या दूध संकलन केंद्रावर पहाटे किटल्या येतात. नमुना घेतला जातो, यंत्रावर फॅट बघितली जाते, त्यावर दर ठरतो आणि पावती हातात पडते. या एका पावतीमागे यंत्र दुरुस्त करणारा, जनावरांचा डॉक्टर, टँकरचा चालक, प्रयोगशाळेतला रसायनतज्ज्ञ, हिशेबनीस अशी बरीच माणसं उभी असतात. मुलांनी त्यांना विचारायचे प्रश्न साधे असावेत: किती वाजता येता, काम कुणाकडून शिकलात, काय चुकलं की दूध परत जातं, आणि या कामातलं कंटाळवाणं काय? शेवटच्या प्रश्नाला मोठी माणसं आधी हसतात, मग बराच वेळ बोलत राहतात.