वजन उचलतांना डोकें कां दुखतें?

रोह्यास कुंडलिकेकांठीं एक तरुण भेटला. वजन उचलतांच डोक्यांत घाव बसल्यासारखें होतें, म्हणाला. आम्हीं विचारलें, "श्वास कोंडून धरतोस काय?" तो "होय" म्हणाला. कारण बहुधा हेंच. श्वास कोंडून जोर केला कीं रक्तदाब भलताच चढतो; १९८५ सालीं कॅनडांत मॅक्डूगल प्रभृतींनीं व्यायामपटूंचा मोजिला, तेव्हां तो पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरांवर गेला होता. कोंकणांतील घाम आणि पाण्याची हयगय यांचीहि भर पडते. म्हणून वजन वर नेतांना श्वास सोडावा, भार हळूहळू वाढवावा. वाग्भटानें व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच सांगितला आहे; तरुणांस तें पटत नाहीं! मात्र दुखणें एकाएकीं व असह्य उठलें, वांती झाली किंवा मान ताठली, तर मेंदूंत रक्तस्रावहि असूं शकतो. तत्काळ डॉक्टरांकडे जावें. त्या तरुणास आम्हीं आधीं तिकडेच धाडलें.