माणशी २६ चौरस मीटर

पिकासोचं ‘ग्वेर्निका’ जवळपास साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब आहे. गुणाकार केला की २७ चौरस मीटर भरतात. आता उल्हासनगरचा भागाकार करा. शहराचं क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस किलोमीटर आणि २०११च्या जनगणनेतले लोक ५,०६,०९८. वाट्याला आले माणशी २६ चौरस मीटर, म्हणजे २८० चौरस फूट. त्यातच रस्ते, गटारं, शाळा, गजानन मार्केट, फर्निचरची दुकानं, जीन्स शिवणारे गाळे आणि वालधुनी नदीचं पात्र. एका चित्राला भिंतीवर जितकी जागा लागते तितकी इथल्या माणसाला सगळं धरूनही जमिनीवर मिळत नाही.

याला जुनं कारण आहे. शहर वसलं तेच छावणीत. फाळणीनंतर आलेल्या सुमारे लाखभर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकी मिळाल्या आणि ८ ऑगस्ट १९४९ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पत्ता सांगताना लोक अजून कॅम्प नंबरच सांगतात.

अशा ठिकाणी समकालीन कलेचं संग्रहालय मागितलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: जागा कुठाय? तेव्हा आधी जागेचाच हिशोब करू. १६,००० चौरस फुटांची, म्हणजे मुंबईतल्या बऱ्यापैकी कलादालनाएवढी इमारत धरा. ती ५८ उल्हासनगरकरांच्या वाट्याची जागा खाईल. पाच लाखांतले ५८! तेही एकमजली बांधली तर. इथे एकमजली कोण बांधतं?

जागा लागतेच, पण समकालीन कलेला तिच्याहून जास्त लागतं ते मनुष्यबळ, आणि त्या बाबतीत उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरचा हा पट्टा कुणाला हार जाणार नाही. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २०१०मध्ये आय वेवे या चिनी कलावंताने सूर्यफुलाच्या बिया पसरल्या होत्या. बिया चिनीमातीच्या, संख्या १० कोटी, वजन १५० टन. प्रत्येक बी जिंगदेजन गावातल्या कारागिरांनी हाताने घडवून रंगवलेली. कारागीर १,६०० आणि काम चाललं अडीच वर्षं. दरडोई भागाकार केला तर ६२,५०० बिया. वर्षाला ३०० दिवस धरले तर दिवसाला ८३. ज्या गावात घराघरांतून शिलाईची मशीन चालते, तिथल्या बाईला दिवसाला ८३ नग हा आकडा मुळीच अचाट वाटणार नाही. दर काय दिला, एवढंच ती विचारेल. आणि तो प्रश्न त्या कलाकृतीच्या अगदी वर्मावर बसतो.

त्या बियांवरून चालत जायची मुभा होती. दोनच दिवसांत ती काढून घ्यावी लागली, कारण पायाखाली चिनीमातीची धूळ उडू लागली. टेटची ही इमारत मुळात वीजनिर्मिती केंद्राची, आणि बिया पसरल्या तो हॉल तिथल्या टर्बाइनचा. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत शेडना तोटा नाही, धुळीचंही कुणाला नवल नाही.

आता वेळेचा हिशोब. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका चित्रासमोर किती थांबतात याची मोजणी झाली आणि २००१मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी निघाली २७ सेकंद. या चालीने लूव्रमध्ये मांडलेल्या सुमारे ३५,००० वस्तू पाहायच्या तर न झोपता, न जेवता ११ दिवस लागतात. आपलं संग्रहालय एवढं हावरट नको. वर्षाला ६ प्रदर्शनं, प्रत्येकात ४० कलाकृती; एकूण २४०. सगळ्या पाहायला लागतील १ तास ४८ मिनिटं. उल्हासनगर ते सीएसएमटी ५८ किलोमीटर आहे. तिथून पुढे जहांगीर कलादालनापर्यंत चालत जाऊन परत घर गाठायला याहून जास्त वेळ लागतो, आणि त्यात चित्र पाहणं अजून आलेलंच नाही. रविवार असेल तर मेगाब्लॉक आहेच.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून २०११मध्ये ९,३३,७९९ लोक होते. आज त्याहून बरेच जास्त. तेव्हाचेच धरू. प्रत्येकाने २४० कलाकृती प्रत्येकी २७ सेकंद पाहिल्या, तर बेरीज होते ६०५ कोटी सेकंद, म्हणजे जवळपास १९२ वर्षं. एका शहरगटाने एका वर्षात केवळ पाहण्यावर खर्च केलेली १९२ वर्षं! आणि गर्दी? सगळे वर्षातून एकदा आले आणि संग्रहालय ३०० दिवस उघडं राहिलं, तर रोज ३,११३ माणसं. सकाळची एक खचाखच बारा डब्यांची लोकल याहून जास्त माणसं घेऊन बदलापूरहून निघते. त्या मानाने संग्रहालयाच्या दारावरचा रखवालदार सुखी म्हणायचा.

लोक कलेसाठी येतील का, हा प्रश्न मात्र मला पटत नाही. अंबरनाथला शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हल भरतो तेव्हा शिल्पकार लोकांसमोर दगडावर हातोडी चालवतात आणि बघ्यांची गर्दी असते. अडचण अशी की उत्सव चार दिवसांत उठतो आणि वर्षाचे दिवस ३६५.

ते देऊळ हेच इथलं सर्वांत जुनं कलादालन. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा माम्वाणीचा काळ. १८६८मध्ये मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख टेरी यांच्या देखरेखीखाली इथे एक तुकडी कामाला लागली आणि तिने २४ रेखाटनं, ३५ छायाचित्रं आणि ७६ साचे तयार केले. तेव्हा अंबरनाथ हे लहानसं खेडं होतं. तरीही १३५ नग तिथून मुंबईला कामाचे वाटले.

पहिल्या वर्षाचं पहिलं प्रदर्शन मला विचाराल तर हेच. त्या १३५मधलं जे उरलं असेल ते इकडे आणायचं आणि त्याच्या शेजारी फेस्टिव्हलमध्ये दगड फोडणाऱ्या आजच्या शिल्पकारांची कामं ठेवायची. टेरींचा ऐवज पूर्ण भरला तरी २७ सेकंदांच्या चालीने तासाभरात पाहून होतो. मूळ देऊळ बघायचं असेल तर उल्हासनगरहून एकच स्टेशन पुढे जायचं.