पीयूष ग्रंथि आणि रक्ताचा दाब

संस्कृतांत 'पीयूष' म्हणजे अमृत; आणि नुकत्याच व्यालेल्या गाईचें पहिलें दूध, ज्यास आपण चीक म्हणतों, तेंहि पीयूषच. मेंदूच्या तळाशीं हाडाच्या खोबणींत बसलेल्या, वाटाण्याएवढ्या व सुमारें अर्धा ग्रॅम वजनाच्या ग्रंथीस आपल्या भाषेंत हें नांव मिळालें. पाश्चात्यांनीं तीस 'पिट्युइटरी' म्हटलें तें लॅटिन भाषेंतील कफवाचक शब्दावरून; मेंदूंतील कफ तिच्या वाटे नाकांत उतरतो, अशी त्यांच्या प्राचीन वैद्यांची समजूत होती. दोहोंपैकीं आपलेंच नांव अधिक समर्पक कसें, तें पुढें दिसेल.

१८९५ सालीं ऑलिव्हर व शेफर या इंग्रज शास्त्रज्ञांनीं या ग्रंथीचा अर्क प्राण्यांच्या शिरेंत टोंचला, तों रक्ताचा दाब चढला. १८९८ सालीं हॉवेल यांनीं दाखविलें कीं, हा गुण ग्रंथीच्या मागील खंडाचा आहे. तेथील द्रव्यास व्हॅसोप्रेसिन म्हणतात. तें तयार होतें वर मेंदूंत; ग्रंथि केवळ त्याचें कोठार. शरीरांतील पाणी आटलें किंवा फार रक्त गेलें, म्हणजे तें रक्तांत सुटतें, मूत्रपिंडांकडून पाणी राखवितें आणि प्रसंगीं रक्तवाहिन्या आवळून दाब सांवरतें.

पुढच्या खंडाचा मार्ग निराळा. तो मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींस आज्ञा धाडतो, आणि त्या कॉर्टिसोल स्रवतात. कॉर्टिसोलावांचून रक्तवाहिन्यांत जोम राहत नाहीं. त्याचा अतिरेकहि वाईटच. हार्वे कुशिंग यांनीं १९३२ सालीं वर्णिलेल्या विकारांत या खंडांतील लहानशा गांठीमुळें चेहरा वाटोळा होतो, पोट सुटतें, हातपाय किडकिडीत राहतात आणि दाब वाढतो. तरुण वयांत अशा लक्षणांसह दाब चढला, तर केवळ मिठाला दोष देऊन भागत नाहीं.

आतां घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनीं विशेष ध्यानांत घ्यावी अशी गोष्ट. गरोदरपणीं ही ग्रंथि मोठी होते व तिची रक्ताची भूक वाढते. बाळंतपणांत अतोनात रक्तस्राव होऊन दाब कोसळला, तर पुढचा खंड उपासमारीनें मरूं शकतो. शीहान यांनीं १९३७ सालीं हें सविस्तर मांडलें. अशा बाळंतिणीस दूध उतरत नाहीं, कारण दुधाची आज्ञाहि याच खंडाची. पीयूष हें नांव येथें सार्थ होतें. पुढें विटाळ परत येत नाहीं, थंडी सोसत नाहीं, उठतांना भोंवळ येते, दाब उतरलेला राहतो. कधीं कधीं हें निदान होण्यास वर्षें लागतात. तोंवर घरांत मात्र "सून आळशी आहे" असा शिक्का बसतो. एखाद्या साध्या तापांत ती एकाएकीं बेशुद्ध होऊन प्राणावरहि बेततें.

उपाय अवघड नाहीं. रक्ताच्या तपासणीनें उणीव कळते आणि रोजच्या गोळ्यांनीं ती भरून निघते. मात्र त्या मनानें बंद करूं नयेत. म्हणून डॉक्टरांकडे जातांना बाळंतपणाची हकीकत, मग ती दहा वर्षांपूर्वींची कां असेना, आवर्जून सांगावी. डिंकाचे लाडू प्रेमानें अवश्य द्यावे. पण ग्रंथीचें काम त्यांनीं होत नाहीं.