महाराष्ट्राला गोलंदाज हवेत. त्यांच्या पगाराचे काय?

जून उजाडला की नाशिकच्या मैदानांवरचे क्रिकेट थांबते आणि क्रिकेटवरची चर्चा सुरू होते. रणजी हंगाम ऑक्टोबरात सुरू होईपर्यंतचे हे चार महिने म्हणजे संघबांधणीचा काळ. कोण राहणार, कोण दुसऱ्या राज्यात जाणार, बाहेरून कोणाला आणायचे, हे सारे याच काळात ठरते. महाराष्ट्राच्या संघाबद्दल बोलताना गाडी बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर येऊन थांबते: फलंदाज आहेत, गोलंदाजी पुरेशी आहे का? या प्रश्नाला जोडलेला दुसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. गोलंदाजाला पैसे कसे मिळतात, आणि तो जायबंदी झाला तर काय होते?

वीस बळींचे गणित

चार दिवसांचा सामना निर्णायकपणे जिंकायचा तर समोरच्या संघाचे वीस गडी बाद करावे लागतात. रणजीच्या गुणपद्धतीने ही गोष्ट अगदी रोखठोक मांडली आहे. निर्णायक विजयाला 6 गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास आणखी एक. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाच्या आघाडीवर 3 गुण आणि पिछाडीवर असलेल्याला 1. एलिट गटातल्या संघाला साखळीत सात सामने मिळतात. पाचशे धावा करूनही प्रतिस्पर्धी बाद होत नसेल तर हाती तीनच गुण लागतात, आणि अशा तीन-तीन गुणांवर बाद फेरी गाठणे फार अवघड असते.

महाराष्ट्राने रणजी करंडक दोनदाच जिंकला, 1939-40 आणि 1940-41 मध्ये, दोन्ही वेळा प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर अंतिम फेरी गाठली, पण करंडक आला नाही. अलीकडची मोठी संधी 2013-14 ची. केदार जाधवने त्या हंगामात बाराशेहून अधिक धावा केल्या आणि साऱ्यांच्या लक्षात त्याच राहिल्या. पण हैदराबादच्या अंतिम सामन्यापर्यंत संघ पोहोचला त्यात समद फल्ला, श्रीकांत मुंढे, अनुपम संकलेचा आणि अक्षय दरेकर यांच्या षटकांचा वाटा कमी नव्हता. तिथे कर्नाटकाने सात गडी राखून हरवले.

आपल्याकडे कौतुकही फलंदाजांच्याच वाट्याला जास्त येते. भाऊसाहेब निंबाळकरांच्या 1948 मधल्या नाबाद 443 धावा आजही सांगितल्या जातात. नोव्हेंबर 2022 मध्ये विजय हजारे करंडकात ऋतुराज गायकवाडने एका षटकात सात षटकार मारले, ते शाळकरी मुलांनाही माहीत आहे. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात महाराष्ट्र सौराष्ट्राकडून हरला, हे सांगणारे कमी भेटतात.

नाशिककडे काय आहे

त्र्यंबक रस्त्याजवळचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, म्हणजे जुन्या नाशिककरांचे गोल्फ क्लब, हे महाराष्ट्राच्या रणजी सामन्यांचे एक घर आहे. जानेवारी 2025 मध्ये इथेच महाराष्ट्राने बडोद्याला 439 धावांनी हरवले. शेवटच्या डावात बडोद्यापुढे सहाशेवर धावांचे लक्ष्य होते आणि तो संघ दोनशेच्या आतच बाद झाला. जानेवारीतली नाशिकची थंडी, सकाळचे दव आणि हातात नवा चेंडू असला की पहिला तास वेगवान गोलंदाजाचा असतो. त्या तासाचे सोने करणारा माणूस मात्र संघात असावा लागतो.

माणसे नाशिकने दिली आहेत. सत्यजित बच्छाव हा डावखुरा फिरकीपटू इथलाच. रामकृष्ण घोष हा मध्यमगती गोलंदाजी आणि फलंदाजी दोन्ही करणारा खेळाडूही इथलाच; नोव्हेंबर 2024 च्या लिलावात चेन्नई सुपर किंग्जने त्याला 30 लाखांत घेतले. मुलींमध्ये सिन्नरची माया सोनवणे आहे. तिची लेगस्पिन टाकण्याची अनोखी शैली 2022 च्या महिला टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये साऱ्या देशाने पाहिली. जिल्ह्यात गुणवत्ता नाही, असे म्हणण्याला यानंतर जागा उरत नाही. अडते ते पुढे, अठरा ते पंचवीस या वयात.

रोजंदारीचे मानधन

सप्टेंबर 2021 मध्ये बीसीसीआयने देशांतर्गत सामन्यांचे मानधन वाढवले. त्याआधी रणजी खेळाडूला दिवसाला 35 हजार रुपये मिळत. नव्या रचनेत अनुभवानुसार तीन पायऱ्या झाल्या. चाळीसपेक्षा जास्त प्रथम श्रेणी सामने खेळलेल्याला दिवसाला 60 हजार, एकवीस ते चाळीस सामने खेळलेल्याला 50 हजार आणि वीसपर्यंत सामने झालेल्याला 40 हजार. अंतिम अकरात नसलेल्या राखीव खेळाडूला याच्या निम्मे.

आकडे चांगले आहेत आणि वाढ योग्यच होती. नवखा खेळाडू साखळीतले सातही सामने खेळला तर अठ्ठावीस दिवसांचे 11 लाख 20 हजार होतात, अनुभवी खेळाडूचे 16 लाख 80 हजार. नाशिकमधल्या मध्यमवर्गीय घराला ही रक्कम लहान नाही.

पण या आकड्यांआधी ‘जर’ आहे. पैसे खेळलेल्या दिवसाचे आहेत, वर्षाचे नाहीत. निवड झाली नाही तर काही नाही, राखीव राहिला तर निम्मे, दुखापत झाली तर तिथून पुढे शून्य. दोन सामन्यांनंतर पाठ धरली म्हणून घरी बसलेल्या नवख्या गोलंदाजाच्या हाती 3 लाख 20 हजार येतात आणि 8 लाख बुडतात. फिजिओ, व्यायामशाळा, आहार यांचा खर्च तर त्याच महिन्यांत वाढतो.

हा नियम फलंदाज आणि गोलंदाज दोघांना सारखा लागू आहे, पण दोघांवर त्याचा भार सारखा पडत नाही. विशीतल्या वेगवान गोलंदाजाच्या कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाणे ही त्या वयातली नेहमीची दुखापत आहे, आणि ती भरून यायला महिनोन् महिने लागतात. आपला डावखुरा वेगवान गोलंदाज मुकेश चौधरी याचेच पाहा. 2022 मध्ये आयपीएलच्या पहिल्याच हंगामात त्याने चेन्नईसाठी 16 बळी घेतले, आणि पाठीच्या दुखापतीमुळे पुढचा हंगाम हुकला. आयपीएलपर्यंत पोहोचलेल्या मुलाला निदान उपचारांची सोय असते. तालुक्याच्या मैदानावरून नुकत्याच वर आलेल्या मुलाला ती कोण देणार?

चार षटकांचा भाव

रणजीतला नवखा गोलंदाज एका सामन्यात दोन्ही डावांत मिळून चाळीस षटके टाकतो असे धरू. चार दिवसांचे त्याला 1 लाख 60 हजार मिळतात. आयपीएलने 2025 पासून कराराच्या रकमेशिवाय प्रत्येक सामन्याला साडेसात लाखांचे मानधन सुरू केले. तिथे गोलंदाजाला टाकायची असतात जास्तीत जास्त चार षटके. कराराची किमान किंमत 30 लाख.

यात आयपीएलचा दोष काढण्यात अर्थ नाही. प्रेक्षक आहेत, प्रक्षेपणाचे पैसे आहेत, म्हणून खेळाडूला मिळतात, आणि मिळायलाच हवेत. परिणाम मात्र समजून घ्यायला हवा. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा काय शिकायचे ते, कशाला किती भाव मिळतो हे बघून ठरवतो. यॉर्कर, हळू चेंडू, रुंद टप्प्यावरचा चेंडू या गोष्टी तो आधी शिकतो. दुपारच्या उन्हात पंचविसावे षटक टाकताना तोच टप्पा, तीच दिशा धरून ठेवण्याचे कसब मागे पडते. वीस बळी मात्र त्या कसबावरच मिळतात.

महाराष्ट्र प्रीमियर लीगचा धडा

2023 मध्ये महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने एमपीएल सुरू केली. सहा संघांपैकी नाशिकचा संघ ईगल इन्फ्राने तीन वर्षांसाठी 9 कोटी 10 लाखांना घेतला. पुण्याच्या संघाला सर्वाधिक 14 कोटी 80 लाखांची बोली लागली. खेळाडूंच्या लिलावासाठी मात्र प्रत्येक संघाला मिळाले 20 लाख. मूळ किमती 20, 40 आणि 60 हजारांच्या. सर्वांत महाग ठरला नौशाद शेख, 6 लाखांना.

म्हणजे तेव्हा नाशिकचा संघ चालवण्याच्या हक्काची किंमत वर्षाला तीन कोटींवर होती, आणि लिलावातल्या साऱ्या खेळाडूंची मिळून वीस लाख. दर वर्षाच्या हक्काच्या रकमेशी ताडून पाहिले तर खेळाडूंचा वाटा पंधरावा हिस्साही नव्हता. स्पर्धेला मैदान, प्रक्षेपण, प्रवास, निवास असे खर्च असतात हे मान्य. तरीही हे प्रमाण मला पटत नाही.

खेळाच्या दृष्टीने लीगने दिलेले मात्र मोठे आहे. पहिल्याच वर्षी सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने नाशिककडून खेळताना पुणेरी बाप्पाविरुद्ध तेरा षटकारांसह शतक ठोकले, वर चार बळी घेतले आणि नाशिकने तो सामना एका धावेने जिंकला. वर्षअखेरीस आयपीएलच्या लखनौ संघाने त्याला घेतले. नाशिक 2024 मध्ये उपविजेता झाला आणि 2025 मध्ये विजेता. एरवी एका जिल्ह्यापुरती राहिली असती अशी नावे या लीगमुळे राज्यभर पोहोचली.

बाहेरून आणायचे की घरी घडवायचे

राज्य संघाला बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात. महाराष्ट्राने 2024-25 मध्ये विदर्भाचा रजनीश गुरबाणी आणला. विदर्भाने 2017-18 चा करंडक जिंकला तेव्हा अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा हाच गोलंदाज. 2025-26 च्या आधी मुंबईचा पृथ्वी शॉ आला आणि केरळकडून जलज सक्सेना. जलजच्या नावावर रणजीत सहा हजार धावा आणि चारशे बळी आहेत. हा दुहेरी टप्पा गाठणारा तो पहिलाच खेळाडू.

या निवडींना माझा विरोध नाही. जलजसारखा माणूस संघात असला की तरुण फिरकीपटू त्याच्याकडे बघून दोन हंगामांत जे शिकतो ते एरवी शिकायला पाच लागतील. तीन जागांपैकी दोन गोलंदाजीवर खर्च झाल्या, म्हणजे गरज कुठे आहे हे संघटनेलाही ठाऊक आहे. पण 1986 साली जन्मलेला खेळाडू ही आजची सोय आहे, पाच वर्षांनंतरची नाही. आणि ही वाट दोन्ही दिशांनी चालते: वर्षानुवर्षे महाराष्ट्राचा भार वाहिलेला समद फल्ला कारकिर्दीच्या शेवटी उत्तराखंडकडून खेळला.

बेसबॉलवाले काय करतात

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हाच वाद दर हिवाळ्यात रंगतो. तिथला पिचर हा आपल्या वेगवान गोलंदाजाचा भाऊच. त्याचाही हात आणि खांदा दरवेळी पणाला लागतो. न्यूयॉर्क यांकीजने डिसेंबर 2019 मध्ये गेरिट कोल या पिचरशी नऊ वर्षांचा 32 कोटी 40 लाख डॉलरचा करार केला. मार्च 2025 मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि सबंध हंगाम गेला. पगार थांबला नाही, कारण तिथले करार खेळलेल्या दिवसांवर अवलंबून नसतात.

तिथला पैसा आपल्याकडे नाही आणि तशी तुलना करूही नये. घेण्यासारखे आहे ते तत्त्व: ज्याच्या शरीराची झीज संघासाठी होते, त्याच्या दुखापतीचा भार संघाने उचलायचा.

काय करता येईल

आपल्याकडेही पावले पडली आहेत. मुंबई क्रिकेट संघटनेने मार्च 2024 मध्ये जाहीर केले की पुढच्या हंगामापासून रणजी खेळाडूंना बीसीसीआयच्या मानधनाइतकीच आणखी रक्कम संघटना देईल. बीसीसीआयने फेब्रुवारी 2024 मध्ये पाच तरुण वेगवान गोलंदाजांशी स्वतंत्र करार केले. आकाश दीप त्यातलाच. महिला क्रिकेटमध्येही डिसेंबर 2025 मध्ये वरिष्ठ गटाचे एकदिवसीय सामन्यांचे मानधन दिवसाला 50 हजारांवर गेले, आधी ते 20 हजार होते.

मुंबईचा मार्ग चांगला आहे, पण तोही खेळलेल्या दिवसांचाच. महाराष्ट्राने त्यापुढे जावे असे मला वाटते. निवड समितीने दर जूनमध्ये सहा गोलंदाज निवडावेत, चार वेगवान आणि दोन फिरकी, सगळे तेवीस वर्षांखालचे. प्रत्येकाशी वर्षाचा दहा लाखांचा करार करावा. सामन्याचे मानधन वेगळे. दुखापत झाली तर उपचार आणि पुनर्वसन संघटनेच्या खर्चाने, आणि कराराची रक्कम चालूच. बदल्यात गोलंदाजाने वर्षभर संघटनेच्या प्रशिक्षकाच्या देखरेखीत राहायचे, किती षटके टाकायची हे त्याने किंवा त्याच्या क्लबने नव्हे, प्रशिक्षकाने ठरवायचे. आज क्लब, जिल्हा, निमंत्रितांची स्पर्धा आणि एमपीएल अशा चार ठिकाणी तोच मुलगा गोलंदाजी करतो आणि त्याच्या षटकांची बेरीज कोणीच ठेवत नाही.

या साऱ्याला वर्षाला साठ लाख लागतील, आयपीएलमधल्या किमान किमतीच्या दोन खेळाडूंइतके. 2023 च्या बोलीतली नाशिक संघाच्या हक्काची एका वर्षाची रक्कम अशा पाच वर्षांना पुरली असती. मुलींच्या संघासाठी अशीच सहा जणींची यादी केली तरी खर्च दुप्पट होईल, अशक्य होणार नाही.

यादी जूनमध्येच व्हावी. सप्टेंबरात चाचण्या सुरू होतात तेव्हा फक्त तयार खेळाडू दिसतो. पाठ दुखत असताना भीतीपोटी गप्प राहून गोलंदाजी करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा त्या चाचणीत बळीही घेतो आणि नोव्हेंबरात कोसळतो. करार हातात असेल तर तो जुलैमध्येच फिजिओकडे जाईल.